वस्तूंचे लिंग आणि माणसाची नजर

व्याकरणातले लिंग म्हणजे नामांची एक वर्गवारी. ती कळते नामाच्या आजूबाजूच्या शब्दांवरून. ‘तो जुना वाडा पडला’, ‘ती जुनी भिंत पडली’, ‘ते जुने घर पडले’ या तिन्ही वाक्यांत क्रिया एकच आहे. पण नाम बदलले की दर्शक सर्वनाम, विशेषण आणि क्रियापद अशी सगळ्यांचीच रूपे बदलतात. मराठीत तर काय खाल्ले यावरही क्रियापद ठरते: त्याने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले. वस्तूचे लिंग ठाऊक असल्याशिवाय जेवणाचे साधे वाक्यही पुरे होत नाही. मराठी मूल बोलू लागते तेव्हापासून दिवसभरात असंख्य वेळा ही निवड करते आणि आपण काही निवडतो आहोत याची त्याला जाणीवही नसते.

वाडा, भिंत, घर, आंबा, पोळी यांत नर-मादी असे काही नाही. तरीही जन्मभर एका वस्तूला ‘तो’ आणि दुसरीला ‘ती’ म्हणत राहिल्याने त्या वस्तूंकडे पाहण्याची माणसाची नजर बदलते का? भिंतीत काही बायकी आणि वाड्यात काही पुरुषी दिसू लागते का? भाषा आणि विचार यांच्या नात्याबद्दलच्या मोठ्या वादातला हा एक लहान पण तपासून पाहता येण्याजोगा प्रश्न आहे. म्हणूनच गेल्या शंभर वर्षांत व्याकरणकार, भाषाशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ त्याकडे पुन्हा पुन्हा वळले आहेत.

लिंग ठरते कसे?

माणसे आणि ओळखीचे प्राणी यांच्या बाबतीत लिंग बहुधा अर्थावरून ठरते: मुलगा-मुलगी, बैल-गाय, मोर-लांडोर. निर्जीव वस्तूंच्या बाबतीत हा आधार सुटतो. मग शब्दाचे रूप काही प्रमाणात मदतीला येते. मराठीत ‘आ’ने संपणारी बरीच नामे पुल्लिंगी असतात (डबा, रस्ता, पंखा), ‘ई’ने संपणारी बरीच स्त्रीलिंगी (वाटी, खिडकी, दोरी) आणि ‘ए’ने संपणारी बरीच नपुंसकलिंगी (तळे, मडके, केळे). पण लगेच अपवाद समोर येतात. शाळा आणि जागा स्त्रीलिंगी आहेत. पाणी, लोणी, मोती यांच्या शेवटी ‘ई’ असूनही पहिली दोन नपुंसकलिंगी आणि तिसरे पुल्लिंगी आहे. उरलेले सगळे रूढीवर चालते. काही शब्दांत रूढीचेही एकमत नाही. बाग, वेळ, ढेकर, तंबाखू हे शब्द मराठीत एकापेक्षा अधिक लिंगांत वापरले जातात.

अर्थ आणि लिंग यांची फारकत दाखवायला एकच उदाहरण पुरे आहे. देह, काया आणि शरीर हे तिन्ही शब्द एकाच गोष्टीचे नाव आहेत. पण देह पुल्लिंगी, काया स्त्रीलिंगी आणि शरीर नपुंसकलिंगी. संस्कृतात पत्नी या अर्थाचे दार, भार्या आणि कलत्र हे तीन शब्द अनुक्रमे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी आहेत.

भारतीय व्याकरणपरंपरेने हा पेच फार पूर्वी ओळखला होता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्यात लिंग म्हणजे काय याची चर्चा केली. शरीरावरच्या खुणांवरून लिंग ठरवावे, ही पहिली सूचना तपासताना त्याने खाट आणि झाड या वस्तू पुढे ठेवल्या. संस्कृतात ‘खट्वा’ स्त्रीलिंगी आणि ‘वृक्ष’ पुल्लिंगी; पण खाटेवर बाईची किंवा झाडावर पुरुषाची खूण कुणाला दाखवता येत नाही. पुढे परंपरेने असेही म्हटले, की प्रत्येक वस्तूत उपज, क्षय आणि स्थिती या अवस्था असतात आणि बोलणारा ज्या अवस्थेवर भर देतो तिच्याप्रमाणे शब्दाला लिंग मिळते. शेवटी मात्र लिंग हे लोकव्यवहारावर अवलंबून आहे आणि व्याकरणाने ते शिकवत बसण्याची गरज नाही, या निर्णयाशी चर्चा येऊन थांबते. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा निर्णय आजच्या भाषाशास्त्रालाही बव्हंशी मान्य आहे.

लोकव्यवहार लिंग कसे देतो, हे परभाषेतून आलेल्या शब्दांत डोळ्यांसमोर पाहायला मिळते. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना लिंग नाही. पण तिथून आलेला शब्द लिंग घेतल्याखेरीज मराठी वाक्यात बसूच शकत नाही. बॅटरी आणि फॅक्टरी ‘ई’मुळे स्त्रीलिंगी झाल्या. बस, कार, ट्रेन यांना ‘गाडी’चे लिंग मिळाले. कॉलेज महाविद्यालयाच्या आणि ऑफिस कार्यालयाच्या पंक्तीत बसून नपुंसकलिंगी झाले. यातली एकही निवड कुणी ठरवून केलेली नाही; बोलणाऱ्यांनी ती आपसूक केली आणि बहुतेकांची निवड एकच निघाली.

जगातल्या भाषांचे चित्र

लिंगव्यवस्था सगळ्या भाषांत नसते. ग्रेव्हिल कॉर्बेट या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने २५७ भाषांची पाहणी केली, तेव्हा १४५ भाषांत ती मुळीच आढळली नाही. ५० भाषांत दोन लिंगे, २६ भाषांत तीन, १२ भाषांत चार आणि २४ भाषांत पाच किंवा त्याहून अधिक वर्ग होते.

भारतातच यातले अनेक प्रकार नांदतात. संस्कृतातली तीन लिंगे मराठी, गुजराती आणि कोकणीने टिकवली. हिंदीने नपुंसकलिंग सोडले, त्यामुळे मराठीतले नपुंसकलिंगी ‘दही’ हिंदीत पुल्लिंगी झाले आणि ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी. बंगाली, असमिया आणि ओडिया या भाषांतून व्याकरणिक लिंग निघूनच गेले. कन्नडमध्ये तीन लिंगे आहेत, पण ती अर्थावर चालतात: पुरुष एका वर्गात, स्त्रिया दुसऱ्या वर्गात आणि वस्तू व प्राणी तिसऱ्यात. तेलुगूत एकवचनी स्त्रीवाचक नामाचे क्रियापद वस्तूंच्या क्रियापदासारखे चालते. अनेकवचनात मात्र स्त्रिया पुरुषांबरोबर येतात.

काही भाषांत वर्गवारीचा स्त्री-पुरुष भेदाशी संबंध दूरचाच असतो. आफ्रिकेतल्या स्वाहिलीत माणसे, झाडे, वस्तू अशांचे वेगवेगळे वर्ग आहेत आणि स्त्री-पुरुष दोघेही एकाच वर्गात मोडतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या जिर्बल भाषेत चार वर्ग आहेत. त्यांतल्या दुसऱ्या वर्गात स्त्रिया, अग्नी, पाणी, लढाईशी संबंधित वस्तू आणि बहुतेक पक्षी येतात. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी या भाषेचा अभ्यास करून त्यामागचे दुवे दाखवले. त्या समाजाच्या समजुतीप्रमाणे पक्षी म्हणजे मृत स्त्रियांचे आत्मे; सूर्य ही स्त्री आणि चंद्र तिचा नवरा. त्यामुळे पक्षी आणि सूर्य स्त्रियांच्या वर्गात आले, आणि सूर्याच्या नात्याने अग्नीही. पुढे १९८०च्या दशकात ऍनेट श्मिट यांनी तरुण पिढीची जिर्बल नोंदवली, तेव्हा हे दुवे विरत चालले होते आणि वर्गवारीही सोपी होत होती.

कल्पना आधी की रूप आधी?

जिर्बलमध्ये समाजाच्या कल्पनेने शब्दाचा वर्ग ठरवला. सगळीकडे असेच घडले असावे, असे एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन भाषापंडित याकोब ग्रिम यांचे मत होते. आदिम माणसाने स्वतःतला स्त्री-पुरुष भेद सृष्टीवर आरोपित केला. जे मोठे, कणखर, कर्ते ते पुल्लिंगी आणि जे लहान, मऊ, ग्रहण करणारे ते स्त्रीलिंगी झाले, असे त्यांनी मांडले. भाषाशास्त्रज्ञ कार्ल ब्रुगमान यांनी याच्या उलट बाजू घेतली. त्यांच्या मते शब्दांची रूपे आधी आली, काही प्रत्यय योगायोगाने स्त्रीवाचक शब्दांशी जोडले गेले आणि लिंग ही त्या रूपांची उपज आहे.

इतिहासाचा पुरावा दोघांनाही थोडेथोडे देतो. इंडो-युरोपीय भाषाकुळाच्या अगदी जुन्या थरात स्त्री-पुरुष असा भेद नसून सचेतन आणि अचेतन असा भेद असावा, हे त्या कुळातल्या प्राचीन हित्ती भाषेवरून दिसते. तिथे दोनच लिंगे होती, एक समाईक आणि दुसरे नपुंसक. संस्कृतातही त्या जुन्या दृष्टीची खूण उरली आहे. पाण्याला दोन जुनी नावे आहेत. वाहती, आवाहन करण्याजोगी शक्ती म्हणून पाणी ‘आपः’ असते तेव्हा ते स्त्रीलिंगी. नुसता पदार्थ म्हणून ‘उदक’ असते तेव्हा नपुंसकलिंगी. विस्तवाचेही तसेच. संस्कृत ‘अग्नि’ आणि लॅटिन ‘इग्निस’ पुल्लिंगी आहेत, तर ग्रीक ‘प्युर’ नपुंसकलिंगी. एकच गोष्ट शक्ती म्हणून पाहिली की तिला एक वर्ग, पदार्थ म्हणून पाहिली की दुसरा. पण हा आरंभीचा अर्थ हजारो शब्दांच्या घडामोडीत झिजून गेला आणि उरले ते व्याकरण.

चित्रे आणि प्रतिमा

व्याकरण उरले, तरी ते मनावर पुन्हा काही ठसा उमटवते का? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एडवर्ड सपीर आणि बेंजामिन ली व्होर्फ या अमेरिकी अभ्यासकांनी भाषेच्या घडणीचा विचारांवर परिणाम होतो, ही कल्पना पुढे आणली. लिंगाच्या बाबतीत मात्र पहिली बोलकी उदाहरणे रशियन भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९५९च्या एका निबंधात दिली.

मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेत १९१५ साली लोकांना आठवड्याचे वार माणसांच्या रूपात कल्पायला सांगितले होते. रशियन लोकांनी सोमवार, मंगळवार आणि गुरुवार पुरुष म्हणून रंगवले; बुधवार, शुक्रवार आणि शनिवार स्त्रिया म्हणून. रशियनमध्ये पहिल्या तीन वारांची नावे पुल्लिंगी आहेत आणि नंतरच्या तीन वारांची स्त्रीलिंगी. आपण हे व्याकरणामुळे करतो आहोत, याचे भान त्या लोकांना नव्हते. रशियन चित्रकार रेपिन यांना जर्मन कलावंत पापाला स्त्रीचे रूप का देतात याचे नवल वाटले होते, असेही याकोबसन नोंदवतात. जर्मनमध्ये पाप स्त्रीलिंगी आहे, रशियनमध्ये पुल्लिंगी. मृत्यू जर्मनमध्ये पुल्लिंगी आणि रशियनमध्ये स्त्रीलिंगी असल्याने, जर्मन गोष्टीतला म्हातारा मृत्यू पाहून रशियन मूल चकित होते.

भाषांतरकारांना याची झळ थेट बसते. बोरिस पास्तरनाक यांच्या एका रशियन कवितासंग्रहाच्या नावातच आयुष्याला बहीण म्हटले आहे. रशियनमध्ये आयुष्य स्त्रीलिंगी असल्याने ते सहज जमते. चेक भाषेत तोच शब्द पुल्लिंगी आहे, त्यामुळे चेक भाषांतर करणाऱ्या कवीपुढे मोठी अडचण उभी राहिली. मराठीतही आयुष्य आणि जीवन दोन्ही नपुंसकलिंगी. मराठी भाषांतरकारालाही तीच अडचण येईल.

२०११ साली एडवर्ड सीगेल आणि लेरा बोरोडिट्स्की यांनी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर मोजली. इटालियन, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश भाषक कलावंतांनी न्याय, काळ, मृत्यू, विजय अशा अमूर्त गोष्टींना दिलेली ७६५ मानवी रूपे त्यांनी तपासली. सुमारे ७८ टक्के वेळा चित्रातली व्यक्ती पुरुष की स्त्री हे कलावंताच्या भाषेतल्या लिंगाशी जुळले.

याची दुसरी बाजूही तितकीच ठसठशीत आहे. मराठीत ‘भारत’ पुल्लिंगी, पण देशाची प्रतिमा भारतमातेची. अवनींद्रनाथ टागोरांनी १९०५ साली भारतमातेचे प्रसिद्ध चित्र काढले, ते ज्या बंगालीत बोलत तिच्यात व्याकरणिक लिंगच नाही. जर्मनीचे नाव जर्मन भाषेत नपुंसकलिंगी असूनही त्या देशाची प्रतिमा ‘गेर्मानिया’ नावाच्या स्त्रीचीच आहे. चंद्र मराठी आणि हिंदी मुलांचा मामा, तसाच तो लिंगविरहित बंगालीतही मामाच. मृत्यू हिंदीत स्त्रीलिंगी झाला, तरी यम हिंदी भाषकांसाठीही पुरुषच राहिला. म्हणजे जिथे पुराणकथा, धर्म किंवा राजकीय परंपरा यांनी प्रतिमा आधीच घडवलेली असते, तिथे व्याकरण तिच्यापुढे नमते. जिथे कल्पनेला मोकळे रान असते, तिथे व्याकरण दिशा दाखवते.

किल्ली आणि पूल

चित्रकाराने मृत्यूला पुरुष म्हणून रंगवणे वेगळे आणि सामान्य माणसाने रोजच्या वस्तूत पुरुषी किंवा बायकी गुण पाहणे वेगळे. हे दुसरे तपासण्यासाठी मानसशास्त्रज्ञांनी बहुधा एकच युक्ती वापरली: दोन अशा भाषा निवडायच्या, जिथे एकाच वस्तूचे लिंग उलट आहे, आणि दोन्ही भाषकांना एकच काम द्यायचे. मग वस्तू तीच, फरक फक्त व्याकरणाचा.

तोशी कोनिशी यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मन आणि स्पॅनिश भाषकांना ५४ नामे देऊन त्यांच्याशी निगडित गुणांची प्रतवारी करायला सांगितले. दोन्ही गटांनी आपापल्या भाषेत पुल्लिंगी असलेल्या नामांना सामर्थ्याच्या मोजपट्टीवर वरचे स्थान दिले.

सर्वांत गाजलेला प्रयोग बोरोडिट्स्की, लॉरेन श्मिट आणि वेब फिलिप्स यांनी २००३ साली मांडला. त्यांनी इंग्रजी येणाऱ्या जर्मन आणि स्पॅनिश भाषकांना इंग्रजीतच वस्तूंची नावे देऊन मनात येतील ती विशेषणे लिहायला सांगितली. किल्ली जर्मनमध्ये पुल्लिंगी आहे. जर्मन भाषकांनी तिचे वर्णन कठीण, जड, दातेरी, धातूची असे केले. स्पॅनिशमध्ये ती स्त्रीलिंगी. स्पॅनिश भाषकांनी तिला सोनेरी, नाजूक घडणीची, लहान, चकचकीत म्हटले. पुलाचे नेमके उलट. तो जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे, तिथे विशेषणे आली सुंदर, डौलदार, सडपातळ, शांत. स्पॅनिशमध्ये तो पुल्लिंगी, तिथे आली भव्य, धोकादायक, लांब, दणकट. या दोन्ही वस्तूंच्या बाबतीत मराठी स्पॅनिशच्या बाजूला आहे: ती किल्ली, तो पूल.

मारिया सेरा आणि सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग घेतला. बोलपटात निर्जीव वस्तूंना वाचा फुटणार आहे असे समजून त्यांना बाईचा आवाज द्याल की पुरुषाचा, असे त्यांनी मुलांना आणि मोठ्यांना विचारले. जेवणाचा काटा फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आणि स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी आहे. बहुतेकांनी आवाजही त्याप्रमाणेच निवडले. स्पॅनिश मुलांत हा कल अगदी लहान वयात नव्हता, शाळेत काही वर्षे काढल्यावर तो स्पष्ट झाला. २००२च्या त्यांच्या अभ्यासात आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषकांत दिसणारा हा परिणाम जर्मन भाषकांत तसा दिसला नाही.

फेरतपासणी

किल्ली आणि पुलाचा प्रयोग वर्तमानपत्रांतून, व्याख्यानांतून जगभर पोहोचला. पण त्याचा संपूर्ण तपशील शोधनिबंधाच्या रूपात प्रसिद्ध झाला नव्हता. २०१४ साली मिकान, शीफके आणि स्टेफानोविच या अभ्यासकांनी तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा जर्मन आणि स्पॅनिश भाषकांच्या विशेषणांत अपेक्षित फरक सापडला नाही.

२०१९ साली सॅम्युएल, कोल आणि ईकॉट यांनी या विषयावरच्या ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत जवळपास ६ हजार लोकांनी भाग घेतला होता. निष्कर्ष असा, की परिणाम दिसतो की नाही हे बहुतांशी दिलेल्या कामावर अवलंबून असते. ‘या वस्तूला बाईचा आवाज द्या की पुरुषाचा’ असे विचारले, की परिणाम बहुधा दिसतो. तिथे प्रश्नच स्त्री-पुरुष या शब्दांत विचारलेला असतो आणि चमच्याच्या पुरुषपणाचा दुसरा कोणताच आधार नसल्याने माणूस हाताशी असलेल्या व्याकरणाकडे वळतो. स्त्री-पुरुष हा विषयच न काढता वस्तूंमधले साम्य किंवा गुण विचारले, की परिणाम क्षीण होतो, अनेकदा नाहीसाच होतो.

इतर प्रयोगांनी हे चित्र आणखी नेमके केले. गाब्रिएला विग्लिओको आणि सहकाऱ्यांना २००५ साली इटालियन भाषकांत परिणाम दिसला, पण तो प्राण्यांच्या नावांपुरता. हत्यारे, फर्निचर अशा वस्तूंत तो दिसला नाही. शब्दांऐवजी चित्रे दाखवली तेव्हाही तो दिसला नाही. जर्मन भाषकांत तर प्राण्यांच्या बाबतीतही नव्हता. याचे एक कारण लिंगांच्या संख्येत शोधले जाते. इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश या दोन लिंगांच्या भाषांत प्रत्येक नाम एकतर पुरुषांबरोबर किंवा स्त्रियांबरोबर जाते, त्यामुळे लिंग आणि शरीरभेद यांची गाठ पक्की बसते. जर्मनमध्ये तिसरे लिंग आहे, आणि तिथे ‘मुलगी’ या अर्थाचा नेहमीचा शब्दच नपुंसकलिंगी आहे. त्यामुळे ती गाठ सैल पडते. हा तर्क लावला तर मराठीत हा परिणाम हिंदीपेक्षा कमी असायला हवा.

दोन भाषा बोलणाऱ्यांचा पुरावाही बोलका आहे. इटालियन आणि जर्मन दोन्ही बोलणाऱ्या मुलांत, एकाच वस्तूला दोन लिंगे माहीत असल्यामुळे, आवाज निवडताना व्याकरणाचा प्रभाव दिसत नाही, असे बेनेदेत्ता बास्सेत्ती यांना २००७ साली आढळले. इटालियन आणि इंग्रजी बोलणारे लोक इटालियनमध्ये काम करताना इटालियन भाषकांसारखे वागतात आणि इंग्रजीत काम करताना इंग्रजी भाषकांसारखे, असे २००८च्या एका अभ्यासात दिसले. लिंगाने नजर कायमची घडवली असती, तर भाषा बदलताच ती बदलली नसती.

ऐकताना होणारी मदत

वस्तूच्या गुणांवर लिंगाचा परिणाम वादग्रस्त असला, तरी बोलणे समजून घेण्यात लिंगाची मदत वादातीत आहे. २००७ साली केसी ल्यू-विल्यम्स आणि ऍन फर्नाल्ड यांनी सुमारे तीन वर्षांच्या स्पॅनिश भाषक मुलांना दोन-दोन चित्रे दाखवली आणि त्यांतले एक शोधायला सांगितले. चेंडू आणि बिस्किट ही दोन्ही नामे स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी आहेत, बूट पुल्लिंगी. चेंडूशेजारी बिस्किट असे तेव्हा मुलांना नाम ऐकेपर्यंत थांबावे लागे. चेंडूशेजारी बूट असला, की नामाआधीच्या उपपदावरूनच त्यांना अंदाज येई आणि नजर अधिक लवकर चेंडूकडे वळे.

मराठीत ही सोय आणखी भरघोस आहे. टेबलावर निळा डबा, निळी वही आणि निळे पुस्तक असेल, तर ‘ती निळी’ एवढे कानी पडताच हात वहीकडे जाऊ शकतो. सर्वनामांच्या बाबतीतही तेच. ‘पिशवीतून डबा काढ आणि तो धुवायला टाक’ आणि ‘पिशवीतून डबा काढ आणि ती धुवायला टाक’ या दोन वाक्यांत एकाच अक्षराचा फरक आहे. पण पहिल्यात डबा धुतला जातो, दुसऱ्यात पिशवी. लिंग नसलेल्या भाषेत इथे नाम पुन्हा उच्चारावे लागते. लिंगव्यवस्था शिकायला अवघड असूनही हजारो वर्षे टिकून राहते, त्याचे एक मोठे कारण हेच असावे. ती बोलण्यातले धागे कुणाचे कुणाशी जोडले आहेत हे सांगते.

मराठीतल्या जोड्या

मराठीत एके ठिकाणी मात्र निर्जीव वस्तूंचे लिंग खरोखर अर्थ वाहते. गाडा-गाडी, दोर-दोरी, सुरा-सुरी, हंडा-हंडी, डबा-डबी, खुंटा-खुंटी, गोळा-गोळी, दांडा-दांडी अशा अनेक जोड्यांत पुल्लिंगी रूप मोठ्या किंवा ओबडधोबड वस्तूचे आणि स्त्रीलिंगी रूप लहान किंवा नेटक्या वस्तूचे आहे. इथे मराठी भाषकाच्या मनात लिंग आणि आकार यांची सांगड प्रत्यक्ष वापरातून पडते. तिला व्याकरणाचा भ्रम म्हणता येत नाही. अशा जोड्या वापरणाऱ्या माणसाला ‘आ’ आणि ‘ई’ने संपणाऱ्या दोन नव्या शब्दांची जोडी दिली, तर लहान कोणता हे तो न विचारता सांगेल. प्रत्यय हाताशी असल्याने इथे लिंगाला नवा अर्थ घडवता येतो.

नपुंसकलिंगाचेही मराठीत स्वतःचे काम आहे. वासरू, कोकरू, पाखरू, पिल्लू, लेकरू ही लहानग्यांची नावे नपुंसकलिंगी आहेत. नर की मादी हे ठाऊक नसेल किंवा सांगायचे नसेल तेव्हा ‘कुत्रं’, ‘पोरगं’ म्हणता येते. स्त्री आणि पुरुष मिळून दोघे असतील, तर मराठी त्यांना ‘ती दोघं’ म्हणते आणि क्रियापद नपुंसकलिंगी अनेकवचनी येते. हिंदी अशा वेळी पुल्लिंग वापरते. कोकणीत मुलीला, वयाने लहान स्त्रीला ‘तें’ म्हणण्याची रीत आहे. या सगळ्या ठिकाणी बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती लिंगहीन वाटत नाही. कोवळेपण, जवळीक किंवा मिश्र समूह या गोष्टी तिथे व्याकरणाच्या खुणेने दाखवल्या जातात.

वस्तूंपेक्षा माणसांवर अधिक

वस्तूंच्या बाबतीत फिका पडणारा परिणाम माणसांच्या बाबतीत ठळक होतो. पास्काल गिगाक्स आणि सहकाऱ्यांनी २००८ साली इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन वाचकांना व्यवसायवाचक अनेकवचने असलेली वाक्ये दिली. फ्रेंच आणि जर्मनमध्ये पुल्लिंगी अनेकवचन स्त्री-पुरुष दोघांसाठी वापरतात, असा नियम आहे. पण वाचकांच्या मनात मात्र पुरुषच उभे राहिले, ज्या व्यवसायात स्त्रिया अधिक असतात तिथेही. कारण उघड आहे. खुर्चीला स्त्री मानण्याला वास्तवात काहीच आधार नसतो, त्यामुळे मन ती कल्पना सहज सोडून देते. शिक्षक किंवा डॉक्टर म्हटल्यावर समोर माणूस असतो आणि तो स्त्री किंवा पुरुष असू शकतो, म्हणून व्याकरणाची खूण खरी माहिती म्हणून घेतली जाते. मराठीत ‘डॉक्टर आले’ आणि ‘डॉक्टर आल्या’ यांत क्रियापदालाच हे सांगावे लागते. नियुक्तीची जाहिरात, पाठ्यपुस्तक, बातमी लिहिणाऱ्यांनी याचे भान ठेवणे म्हणूनच गरजेचे आहे. कोणत्या मुलीला कोणते काम आपले वाटेल, यात अशा शब्दांचाही वाटा असतो.

आजवरच्या पुराव्यावरून एवढे ठामपणे म्हणता येते. व्याकरणिक लिंगाने वस्तू वेगळ्या दिसत नाहीत. मराठी माणसाला भिंत आणि बंगाली माणसाला भिंत सारखीच दिसते. वस्तूला माणसाचे रूप, आवाज किंवा नाव द्यायची वेळ येते, तेव्हा दुसरा आधार नसेल तर भाषा आपले लिंग पुढे करते आणि बोलणारा ते नकळत स्वीकारतो. म्हणून कवी, चित्रकार, बालसाहित्यिक आणि भाषांतरकार यांच्या कामात लिंगाचे वजन मोठे आहे. सुतार, स्वयंपाकी किंवा गवंडी वस्तू हाताळतात तेव्हा ते जवळपास शून्य असते. माणसांच्या नावांत ते सर्वाधिक असते, आणि तिथे ते जाणीवपूर्वक वापरण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर व लिहिणाऱ्यावर येते.